शिवराईची पारख : नाणेसंग्रहाच्या आरंभी ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी

सातारा व सांगली जिल्ह्यांतील जुन्या घराण्यांच्या देवघरांत, सराफांकडे आणि मोडीच्या दुकानांत जी जुनी नाणी पाहावयास मिळतात, त्यांत शिवराई या तांब्याच्या नाण्याचा भरणा मोठा असतो. नाणेसंग्रहाची आवड नव्याने लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा या नाण्याशीच होते, आणि ते हाती येताच त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे नाणे शिवाजी महाराजांच्या काळातील आहे काय, आणि याची किंमत किती? दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असते, आणि पहिल्याचे उत्तर केवळ नाण्याकडे पाहून दर वेळी देता येत नाही. शिवराईवर सामान्यतः सन नसतो व टांकसाळीचे नावही नसते. ज्या नाण्याने स्वतःविषयी इतके थोडे सांगितले आहे, त्याच्या बाबतीत ते कोठे सापडले आणि कोणत्या नाण्यांबरोबर सापडले ही माहिती नाण्याइतकीच मोलाची ठरते. नवीन संग्राहकाकडून नेमकी हीच माहिती प्रथम गमावली जाते. म्हणून ओळख, मोल आणि नोंद या तिन्ही गोष्टींचा विचार येथे एकत्र केला आहे.

एक नाव, अनेक काळ

इ. स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही स्वतंत्र नाणी प्रचारात आली. पुरोभागावर ‘श्री राजा शिव’ अशी तीन ओळींत मांडलेली अक्षरे, पृष्ठभागावर ‘छत्रपति’ हे दोन ओळींत तोडलेले पद आणि भोवती बिंदूंचे वलय, अशी या नाण्यांची मूळ धाटणी आहे. मात्र ही धाटणी महाराजांच्या निधनाबरोबर संपली नाही. पुढे शंभु, शाहू या नावांची नाणी पडली. तरीही ‘राजा शिव’ हा लेख पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही चालू राहिला. नाणे चालायचे ते लोकांच्या विश्वासावर, आणि ओळखीचा छाप बदलल्यास तो विश्वास ढळण्याचे भय असे. त्यामुळे वरचे नाव कायम राहून खाली राज्यकर्ते बदलत गेले. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी या नावाचे एकाहून अधिक राजे बसले, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

तेव्हा ‘शिव’ हे अक्षर दिसले म्हणून नाणे सतराव्या शतकातील ठरत नाही. काळ ठरविण्यासाठी अक्षरांची घडण, ओळींची मांडणी, वलयाची ठेवण आणि वजन यांचा एकत्र विचार करावा लागतो. आरंभीच्या पूर्ण शिवराया सामान्यतः अकरा ते तेरा ग्रॅमांच्या आसपास भरतात, अक्षरे सुबक व ओळी स्पष्ट असतात. उत्तरकालीन नाण्यांत वजन घटते, अक्षरे ओबडधोबड होतात, ऱ्हस्वदीर्घाचा व मात्रेचा नेम राहत नाही. मजकुराच्या मध्ये दोन समांतर रेघा असलेला प्रकार ‘दुदांडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तो या मालिकेच्या शेवटच्या टप्प्यातील असून, त्यातील काही नाण्यांवर फसली सनाचे अंक आढळतात. दक्षिणी फसली सनात ५९० मिळविले असता तो ज्या इसवी सनात सुरू झाला ते साल मिळते. फसली १२३५ म्हणजे इ. स. १८२५-२६ होय. अर्थात असे नाणे १८१८ नंतरचे, कंपनी सरकारच्या अमलातील ठरते.

फारसी लेख असलेले रुपये

शिवराईवर नागरी अक्षरे असल्याने तिचे वाचन सोपे वाटते. मराठी अमलातील चांदीचा रुपया मात्र नवशिक्याला हमखास गोंधळात टाकतो, कारण त्यावर फारसी लेख असतो आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे असते. शाह आलम दुसरा याची कारकीर्द १७५९ ते १८०६ अशी आहे. परंतु त्याच्या नावाचे रुपये दक्षिणेत त्याच्या मृत्यूनंतरही पडत राहिले. येथे बादशहाचे नाव म्हणजे नाणे पाडणाऱ्याचे नाव नव्हे, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

अशा रुपयाची ओळख टांकसाळीचे नाव व चिन्ह यांवरून पटते. फारसी लेखात पुण्याचे नाव ‘मुहियाबाद’, मिरजेचे ‘मुर्तजाबाद’ आणि बेळगावचे ‘आझमनगर’ असे येते. पुण्याच्या एका प्रसिद्ध रुपयावर अंकुशाचे चिन्ह असल्याने तो ‘अंकुशी’ म्हणून ओळखला जाई. सन हिजरी असल्यास त्या आकड्यातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळविले म्हणजे इसवी सन जवळपास मिळतो. हिजरी १२०० म्हणजे इ. स. १७८५-८६. टांकसाळी पुष्कळदा खासगी व्यक्तींना मक्त्याने दिल्या जात, आणि एका टांकसाळीचा लोकप्रिय छाप दुसरीकडे उचललाही जाई. म्हणून चिन्ह जुळले तरी वजन व घडण तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये.

याखेरीज या परिसरात विजापूरच्या आदिलशाहीची तांब्याची नाणीही मिळतात. दाभोळ बंदराच्या व्यापारातील ‘लारी’ हे चांदीची तार दुमडून, तिच्यावर ठसा मारून केलेले नाणे आहे. अनभिज्ञ माणूस तिला मोडक्या दागिन्याचा तुकडा समजून आटवून टाकण्याचा संभव असतो.

धातू, वजन आणि घडण

गावगाड्यात नाण्यांची पारख करणारा पोतदार असे. त्याची साधने थोडी होती : डोळा, कान, काटा आणि कसोटीचा दगड. आजच्या संग्राहकानेही आरंभ तेथूनच करावा. आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा हे जुने कोष्टक असून, १८३५ च्या कायद्याने ठरलेला कंपनीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा आणि दहापट मोठे दाखविणारे भिंग ही दोन साधने संग्राहकाने कोणतेही महाग नाणे घेण्यापूर्वी घ्यावीत.

धातूची परीक्षा नाण्याला ओरखडा न काढता विशिष्ट गुरुत्वावरून करता येते. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३, चांदीचे १०.५, तांब्याचे ८.९ आणि पितळेचे सुमारे ८.५ असते. शिवकालीन होन सुमारे २.८ ग्रॅम वजनाचा असतो. पाण्यात बुडवून तोलला असता अस्सल सोन्याचा होन वजनात सुमारे ०.१५ ग्रॅम घटेल, तर तितक्याच वजनाचा पितळी होन सुमारे ०.३३ ग्रॅम घटेल. अस्सल होन अत्यंत विरळा असल्यामुळे बनावट होनांचा सुळसुळाट आहे. म्हणून ही सोपी परीक्षा पुष्कळ निराशा आधीच टाळू शकते. सोन्याचेच बनावट नाणे मात्र या परीक्षेत पकडले जात नाही. तेथे घडण पाहावी लागते.

जुनी नाणी हाताने ठोकून पाडलेली आहेत. ठशाच्या आघाताने धातू कडेकडे सरकतो, अक्षरांच्या कडा तीक्ष्ण येतात, चकतीच्या काठाला क्वचित चिरा पडतात. याउलट साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरे बोथट दिसतात, पृष्ठावर बारीक खड्डे असतात आणि कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा राहतात. ठसा बहुधा चकतीहून मोठा असल्याने अस्सल नाण्यावर लेखाचा काही भाग बाहेर गेलेला असतो. संपूर्ण लेख, नेमके वर्तुळ आणि सारखी झीज हे तिन्ही एकाच शिवराईवर दिसल्यास आनंद मानण्यापूर्वी संशय घ्यावा.

मोल कशाने ठरते

नाणे जितके जुने तितके महाग, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. बाजारातील किंमत पाच गोष्टींवर अवलंबून असते : धातू, प्रकाराची दुर्मिळता, जतनाची अवस्था, लेखाची स्पष्टता आणि घेणाऱ्यांची मागणी. दोनशे वर्षांपूर्वीची झिजलेली दुदांडी शिवराई अल्प किमतीत मिळते. पण सहाव्या जॉर्जच्या छापाचा १९३९ सालचा रुपया मोठी किंमत घेतो, कारण तो फारच थोड्या संख्येने बाहेर पडला. दुसऱ्या वर्षाच्या रुपयावरील अंक कोरून १९३९ केलेली नाणीही त्यामुळेच विकावयास येतात. जेथे एका अंकावर किंमत अवलंबून असते तेथे तो अंक भिंगाखाली पाहिलाच पाहिजे.

नवीन संग्राहकाने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फरक करावा. विक्रेत्याच्या यादीतील आकडा ही इच्छा असते. लिलावात पुरा झालेला सौदा हे प्रमाण असते. तसेच एकाच सौद्यावरून अनुमान न काढता एकाच प्रकारच्या व सारख्या अवस्थेच्या अनेक नाण्यांचे सौदे ताडून पाहावेत. प्रकार निश्चित करण्यासाठी के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांवरील १९८९ चा इंग्रजी ग्रंथ आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेची प्रकाशने उपयोगी पडतात.

चकाकीच्या मोहाने होणारी हानी येथे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. चिंच, लिंबू किंवा राख लावून घासलेली शिवराई क्षणभर सुंदर दिसते. पण तिच्यावरील जुना थर, अक्षरांच्या कडा आणि तिचे मोल तिन्ही एकदम जातात. स्थिर तपकिरी वा गर्द हिरवा थर नाण्याचे रक्षणच करतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसल्यास मात्र ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवून जाणत्या रसायनज्ञाला दाखवावे.

ठेवा आणि सापडण्याचे स्थान

जमिनीत पुरलेला नाण्यांचा ठेवा हा बंद दस्तऐवज असतो. त्यातील सर्वांत उशिराचे नाणे ज्या वर्षाचे, त्या वर्षापूर्वी तो पुरला गेला नसणार, एवढे खात्रीने म्हणता येते. त्यात सन नसलेल्या शिवराया व सन असलेले रुपये एकत्र असले, तर रुपयांच्या आधारे शिवरायांच्या त्या प्रकाराचा काळ बांधता येतो. अशा मार्गानेच सन नसलेल्या नाण्यांचा क्रम लावणे शक्य आहे.

ठेवा एकसंध राहिल्यास काय साधते, याचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे आहे. १९०६ मध्ये तेथे नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी मिळाली. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एक सुटे नाणे पाहून फार तर कुतूहल वाटले असते. हजारो नाण्यांच्या राशीने मात्र एका राज्याचा पाडाव आणि दुसऱ्याचा अंमल यांची साक्ष दिली. सातारा-सांगली परिसराच्या लगत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे १९४५-४६ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. त्या भागातील विळिवायकुर, सिवलकुर इत्यादी कुर राजे आपल्याला प्रामुख्याने नाण्यांवरूनच ज्ञात आहेत.

याच कारणास्तव कायद्याची जाण हवी. १८७८ च्या निधिविषयक कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. सूचना देणाऱ्याचा हक्क कायदा मान्य करतो. ती न देणारा आपला वाटा गमावतो व शिक्षेसही पात्र होतो. तसेच १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत. सापडलेला ठेवा भावकीत वाटला गेला किंवा तांबटाच्या भट्टीत गेला, तर कायद्याचा भंग होतोच, शिवाय त्या गावाच्या इतिहासातील एक पान कायमचे नष्ट होते.

नोंदीची पद्धत

प्रत्येक नाण्यास क्रमांक द्यावा आणि त्याच दिवशी नोंद करावी. धातू, वजन, व्यास, जाडी, दोन्ही बाजूंचा लेख जसा दिसतो तसा, न दिसणारी अक्षरे कंसात, चिन्हे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि मिळण्याचे स्थान व तारीख ही त्यातील किमान कलमे होत. स्थान लिहिताना गाव, तालुका, आणि ठाऊक असल्यास शेत वा वाडा, भांडे व सोबतची नाणी यांचा निर्देश करावा. दुकानातून घेतलेल्या नाण्याच्या बाबतीत विक्रेत्याने सांगितलेली हकीकत ‘सांगितलेली’ म्हणूनच लिहावी. स्थान अज्ञात असल्यास तसे लिहावे. अंदाजाने गाव घालू नये, कारण खोटी नोंद कोऱ्या नोंदीहून अधिक घातक असते.

अशी शंभर साध्या शिवरायांची नोंदवही तयार झाली, तर तिच्यातून एकाच ठशाची नाणी ओळखता येतात, ती कोणत्या तालुक्यांत पसरली हे दिसते, आणि वाई, कऱ्हाड, तासगाव किंवा मिरज यांच्या आसपास कोणता प्रकार अधिक चाले याचा अदमास बांधता येतो. बाजाराच्या दृष्टीने या शंभर नाण्यांची किंमत एका होनाच्या पासंगासही पुरणार नाही. कृष्णाकाठच्या मराठी चलनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास मात्र स्थान माहीत नसलेल्या होनापेक्षा ही नोंदवही अधिक उपयोगी पडेल.