शाळा, कचेरी आणि ‘श्यामा’

चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही गोष्ट १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात आली. नायक निशिकांत कवी, पोटापाण्यासाठी शाळेत शिक्षक. अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड केला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवलं. उतारे तपासायचे, पण सबंध गोष्टीच्या संदर्भात तोलायचे, हा त्या निकालाचा गाभा आजही मोलाचा आहे.

निशिकांतची शाळा असो की एखादी कचेरी, नोकरीच्या जागी फुलणारं प्रेम हा तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्यांचा आवडता विषय. साहेबाने टायपिस्ट मुलीला कामाच्या निमित्ताने उशिरापर्यंत थांबवून घेतलं, की वाचक सुखावत. आज ते पान वाचताना आधी तिचा पगार आठवतो. ती नाही म्हणाली असती तर?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कचेरीत अंतर्गत समिती सक्तीची झाली. जालन्याच्या मोंढ्यात चार माणसांच्या पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या बाईला मालकाविरुद्धही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत तीन महिने.