या कपात काय पिणार?

‘मोरोक्कोला चाललीयेस? मग मला ते निळे कप हवेतच!’ ताईची फर्माईश. तिला पाचवा महिना लागला होता. कॉफी बंद, त्यामुळे दिवसभर लेमन टी. तो निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कपातून प्यायला काय मस्त वाटेल, असं तिचं म्हणणं. मीही लगेच ‘डन’ म्हणून टाकलं.

हे कप बनतात फेझ शहरात. तिथली जुनी गल्ल्यागल्ल्यांची वस्ती, म्हणजे मदिना, १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कुंभारांचे कारखाने मात्र आता शहराबाहेर, ऐन नोकबी भागात. इथली माती करड्या रंगाची. ती भिजवायची, मळायची, पायाने फिरवायच्या चाकावर कप घडवायचा, उन्हात वाळवून भाजायचा. मग पांढऱ्या झिलईत बुडवायचा, हाताने नक्षी काढायची आणि पुन्हा भट्टीत. तो फेमस निळा रंग कोबाल्टचा. जुन्या भट्ट्यांत जळण म्हणून ऑलिव्हच्या बियांचा चोथा टाकतात. पेन्सिलची एकही रेघ न मारता नक्षी काढणारा कारागीर बघितला आणि मी सहा कप उचललेच!

पण गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘यात काय पिणार?’

‘चहा,’ मी म्हटलं. ते हसले. ‘आम्ही तर चहा काचेच्या ग्लासातून पितो!’

आणि खरंच की! पुदिन्याचा चहा धातूच्या किटलीतून, उंचावरून धार धरून ओततात, तोही आपल्या कटिंगसारख्या छोट्या ग्लासात. अर्धी कॉफी-अर्धं दूध असं ‘नुस-नुस’ कॅफेत मागवलं, तर तेही ग्लासातच. चिनी ग्रीन टी मोरोक्कोत घरोघरी पोचला तो १९ व्या शतकात. क्रायमियन युद्धाच्या काळात (१८५३-५६) नेहमीची गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपला माल टँजियर आणि मोगादोरच्या बंदरांत उतरवला. मातीची भांडी मात्र त्याहून कितीतरी जुनी. ती होती सुपासाठी, तेलासाठी, पाण्यासाठी. म्हणजे हा ‘पारंपरिक’ टी-सेट खरं तर तुमच्या-माझ्यासारख्या टुरिस्टांसाठी!

खरी गोम पुढेच. जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसं असतं. शिशामुळे झिलई कमी तापमानाला वितळते, चकाकते, रंग खुलतात. पण त्यात गरम आणि आंबट काही ओतलं, तर शिसं पेयात उतरू शकतं. ताईचा लेमन टी गरमही आणि आंबटही! शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटातल्या बाळाला तर धोका सगळ्यात जास्त. आणि आपण सुट्टीत चार कप घेतो. कारागिराचे हात मात्र रोज त्याच झिलईत.

काकांनी दुसरं शेल्फ दाखवलं. गॅसच्या भट्टीतले, बिनशिशाचे कप. महाग होते, कारण बिनशिशाच्या झिलईला सहसा जास्त आणि एकसारखी आच लागते. ‘लॅबचा रिपोर्ट आहे?’ मी विचारलं. काकांनी प्रामाणिकपणे मान हलवली. नव्हता.

तुम्हीही घेणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा :

* शिसं डोळ्यांना दिसत नाही. कप उकळून किंवा धुऊन ते जातही नाही.

* ‘बिनशिशाचा’ एवढ्या शब्दावर जाऊ नका. खाण्यापिण्यासाठी तपासल्याचा कागद मागा. घरगुती टेस्ट किटमध्ये काही आलं नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका.

* तामेग्रूतची हिरवी भांडी जाम गोड दिसतात. तो हिरवा रंग तांब्याचा. आतले तीन ठिपके म्हणजे डिफेक्ट नव्हे, भट्टीत भांड्यांवर भांडी रचताना मध्ये ठेवलेल्या तिपायीच्या खुणा. पण नियम तोच.

* तपासलेला नसेल, तर कप शोसाठी. झिलईला तडा किंवा टवका गेलेला तर चहाला नकोच.

कप मी घेतले. सहा नाही, दोन. ताईला सगळं सांगितलं, तर आधी ती फुगलीच. ‘मग आणलेस कशाला?’ आता एकात तिची पेनं आहेत, दुसऱ्यात कानातली. लेमन टी काचेच्या ग्लासातून चाललाय, अगदी मोरोक्कन स्टाइल!