हातोडी की मळसूत्र? (लेखांक नववा)

गेल्या अंकी माशीच्या, म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या साइटच्या, उंचीचा हिशेब पुरा करताना, पुढील खेपेस अंधारात उजळणाऱ्या ट्रिटियमच्या माश्यांकडे वळू, असे मी लिहिले होते. परंतु सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त सैनिक वाचकांचे पत्र मधल्या आठवड्यात आले आणि त्यातील प्रश्न मला इतका मूलगामी वाटला की ट्रिटियमला एक आठवडा थांबावे लागत आहे. त्यांनी विचारले आहे की, पिस्तुलाची बॅकसाइट काढण्यासाठी सर्व जाणकार पितळेच्याच पंचाचा आग्रह का धरतात, आणि साइट ढकलण्याचे जे मळसूत्री यंत्र हल्ली दुकानदारांच्या याद्यांत दिसते ते पदरी असल्यावर पितळेची जरुरी उरते की नाही.

बॅकसाइट बहुधा ज्या डोव्हटेलच्या सांध्यात बसते तो कसा असतो हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. स्लाइडवर आडवी कापलेली, तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळती अशी ती खाच साइटला केवळ घर्षणाच्या बळावर धरून ठेवते. तेव्हा तिला हलविणारा जोर खाचेला समांतर हवा, आणि तो साइटच्या उंच माथ्यावर न पडता तिच्या पायावर पडला पाहिजे. जोर माथ्यावर पडला की साइट सरकण्याऐवजी कलते, पायाची एक कड खाचेच्या भिंतीत रुतते, आणि मग जितके अधिक ठोकावे तितकी ती अधिक घट्ट होत जाते. म्हणून कोणतेही हत्यार घेण्यापूर्वी मी एवढेच पाहतो की, यातून जोर नेमका कोठे जाणार आणि साइट किती सरकली हे मला कळणार की नाही.

आता पितळेविषयी. पोलादी पंच घाव सर्वांत चोख पोचवितो, पण साइटच्या अंगावर व्रण उमटवितो, आणि निसटलाच तर स्लाइडच्या निळसर मुलाम्यावर जन्माची रेघ ओढतो. नायलॉन व्रण करीत नाही. परंतु ते स्थितिस्थापक असल्यामुळे घावाचा बराच अंश स्वतःच गिळते, आणि हट्टी साइटपुढे त्याचा काही इलाज चालत नाही. तांबे फार मऊ, त्याचे टोक दहा घावांत छत्रीसारखे पसरते. अॅल्युमिनियम हलके, आणि मागे राखी डाग ठेवणारे. पितळ या सर्वांच्या मधोमध उभे आहे: घाव पोचविण्याइतके जड व कठीण, आणि साइट व पंच यांपैकी एकाने दबायचेच झाले तर आपणच दबावे इतके मऊ. त्याची पिवळी रेघ पोलादावर उमटते खरी, पण ती ओरखडा नसून वर चढलेले पितळ असते, आणि नळीतील तांबे काढण्याच्या द्रवाने पुसली जाते. साताऱ्याच्या वाचकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

परंतु पंचाच्या धातूपेक्षा अधिक महत्त्वाच्या अशा दोन वस्तू आहेत, आणि त्यांची आठवण फार थोडे लोक ठेवतात. मी उमेदवारीत असताना एका कार्यशाळेत माझ्यापुढे एक ९ मिलिमीटरचे पिस्तूल आले होते: जॉन ब्राउनिंग यांनी आरंभिलेले, १९२६ साली त्यांच्या निधनानंतर ड्यूडोने सेव्ह यांनी सिद्धीस नेलेले, १९३५ साली बेल्जियममध्ये अवतरलेले, आणि पुढे आपल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात घडू लागलेले जे घराणे, त्यातलेच ते एक. त्याची बॅकसाइट बदलण्याचा हुकूम होता. मी लहान हातोडीने वीस-पंचवीस हलके घाव घातले. पंचाचे टोक चेपले, साइटचा काठ चमकू लागला, पण ती केसभरही हलली नाही. आमच्या उस्तादांनी काही न बोलता स्लाइड शेगड्यातून सोडविली, शेगड्याच्या जबड्यांना शिशाचे पत्रे लावले, खाच जबड्यांच्या अगदी लगत येईल अशी ती खाली दाबून पुन्हा आवळली, अर्धा किलोची हातोडी उचलली आणि एक, फक्त एक, सरळ घाव घातला. साइट पाव इंच सरकली. हलका घाव धातूच्या पृष्ठभागालाच चेपतो, जड घाव आतील घर्षण मोडतो. आणि स्लाइड यत्किंचित जरी डगमगत असेल तर घावाचे निम्मे बळ त्या डगमगण्यातच खर्ची पडते. हे ज्ञान मला त्या एका घावाने दिले, आणि तेव्हापासून कोणी हत्यारांची यादी मागितली की मी पहिल्या ओळीत शेगडा लिहितो.

मळसूत्री यंत्राकडे आता वळू. यात स्लाइड एका चौकटीत आवळली जाते आणि आटे पाडलेला दांडा फिरविताच त्याच्या पुढचा ठोकळा साइटला पायाशी रेटतो. याचा खरा गुण सोय हा नसून मोजमाप हा आहे. माशी आणि बॅकसाइट यांमध्ये ६॥ इंच, म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटर अंतर असलेल्या पिस्तुलाच्या गोळ्या २५ मीटरांवर १० सेंटिमीटर डावीकडे पडत असतील, तर बॅकसाइट उजवीकडे किती सरकवावी? १६५ ला १०० ने गुणून २५,००० ने भागावे: दोन तृतीयांश मिलिमीटर. एवढे अंतर हातोडीने साधणे हे फार मुरलेल्या हाताचे काम आहे. मळसूत्राचे आटे १ मिलिमीटरच्या अंतराने असतील तर पाव फेऱ्यात पाव मिलिमीटर, म्हणजे लक्ष्यावर सुमारे ३८ मिलिमीटर, असा हिशेब कोणालाही मांडता येतो. आधीच बसलेल्या साइटची शिस्त सुधारण्यासाठी मळसूत्रासारखे हत्यार नाही, असे मी निःशंकपणे म्हणतो.

मात्र नवी साइट बसविताना हेच यंत्र घातक ठरू शकते. नव्या साइटचा पाया बहुधा मुद्दाम किंचित जाड ठेवलेला असतो. तो खालून तिकोनी कानशीने, जिची एक बाजू गुळगुळीत ठेवलेली आहे अशा कानशीने, थोडा थोडा घासून बेतावा लागतो. अंगठ्याच्या दाबाने तो एक तृतीयांश आत गेला की बेत जमला, उरलेले काम पंचाचे. कानस नेहमी साइटवर चालवावी, स्लाइडच्या खाचेवर कधीही नव्हे; साइट वाया गेली तर दुसरी मिळते, स्लाइड मिळत नाही. हातोडीने बसवीत असता बेत फार घट्ट असेल तर तिचा नाद बदलतो, मनगटाला धक्का जाणवतो, आणि कारागीर थांबतो. मळसूत्राला असला नाद नाही. ते न बोलता रेटीत राहते, आणि पाया खाचेला घासून दोन्हीकडचे पोलाद फाटल्यावरच आपल्याला कळते.

शिवाय प्रत्येक साइट डोव्हटेलची असते असेही नाही, आणि हत्यार विकत घेण्यापूर्वी हा तपशील पाहावाच लागतो. १९११ च्या मूळ अमेरिकन सैनिकी पिस्तुलाची माशी स्लाइडमधून खाली उतरलेल्या पातळ खुंटीवर उभी आहे, आणि ती खुंटी आतून ठोकून पसरविलेली असते. तेथे ढकलण्याचे यंत्र निरुपयोगी, आतून ठोकण्याची वेगळी ऐरणच लागते. मूळ घडणीच्या बेरेटा ९२ ची माशी स्लाइडमधूनच कोरलेली, तेथे ती ढकलून बदलण्याचा प्रश्नच नाही. ग्लॉकवर मागाहून बसवितात त्या पोलादी माशीचा षट्कोनी स्क्रू स्लाइडच्या पोटात असतो, त्यास पातळ भिंतीचा ३/१६ इंची पाना हवा. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी पिस्तुलात बॅकसाइटच्याच खाली एक लहान स्प्रिंग दबून बसलेली असते. साइट सरकताच ती उडून जाते, म्हणून तेथे अंगठा ठेवावा. आणि पुष्कळ बॅकसाइटांत अॅलन चावीचा एक बारीक स्क्रू असतो, तो सैल केल्यावाचून हातोडी काय नि मळसूत्र काय, दोन्ही नुकसानच करतात.

साइट काढताना नेमबाजाच्या डावीकडून उजवीकडे आणि बसविताना उजवीकडून डावीकडे, हा जुना दस्तूर बहुतेक पिस्तुलांस लागू पडतो. तरी काही कारखाने उलट चालतात, तेव्हा त्या पिस्तुलाची पुस्तिका आधी वाचावी.

माझा निवाडा असा: पैसे आधी शेगड्यावर आणि शिशाच्या जबड्यांवर, मग पितळेच्या दोन जाड पंचांवर व अर्धा किलोच्या हातोडीवर, त्यानंतर चांगल्या कानशीवर खर्च करावेत; आणि एकाच जातीच्या पिस्तुलाची शिस्त वारंवार सुधारावी लागत असेल, तरच त्या जातीसाठी घडविलेले मळसूत्री यंत्र घ्यावे. सर्व पिस्तुलांना चालते म्हणून विकले जाणारे यंत्र मी घेणार नाही. त्याचा ठोकळा कोणत्याच साइटच्या उताराशी पुरता जुळत नाही. दुसऱ्याचे पिस्तूल धंदा म्हणून दुरुस्त करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, हेही येथेच नमूद करतो.

राहिला ट्रिटियमचा विषय. त्या माशीच्या पोटात वायू भरलेली काचेची बारीक नळी असते. तेव्हा ज्यांच्यापाशी अशी माशी बदलण्यासाठी आली असेल त्यांनी पुढील अंक हाती येईपर्यंत तिच्यावर हातोडी उचलू नये, ही विनंती.