स्विचचे दिवे हिरवे, तरी नेट बंद? नवा घेण्याआधी राउटिंग टेबल बघा

मंचेरियल, प्रतिनिधी : लॅबमधले संगणक एकमेकांना दिसतात, पण ऑफिसचा प्रिंटर काही दिसत नाही. स्विचचे सगळे दिवे हिरवे. मग कुणीतरी सांगतं, 'स्विच गेला, नवा घ्या.' झाला हजारोंचा खर्च! पुष्कळदा स्विच धडधाकट असतो, त्याला वाट सांगितलेली नसते एवढंच. शाळा, कोचिंग क्लास किंवा मीसेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे जरा समजून घ्यावं.

साधा स्विच एकाच नेटवर्कमधल्या संगणकांना जोडतो. लॅब वेगळी, ऑफिस वेगळं असे दोन व्हीलॅन केले की त्यांच्यातली ने-आण राउटर किंवा लेअर थ्री स्विच करतो. सिस्कोच्या कॅटलिस्ट ३५६० सारख्या स्विचमध्ये ही सोय असते, पण कंपनीतून येताना बंद असते. ती सुरू करायची तर 'एनेबल', मग 'कॉन्फिगर टर्मिनल' आणि मग 'आयपी राउटिंग' ह्या कमांड द्यायच्या. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत.

समजा लॅबचा व्हीलॅन १०, ऑफिसचा २०. स्विचला एकीकडे १९२.१६८.१०.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.२०.१ असा पत्ता द्यायचा, आणि त्या त्या संगणकात तोच पत्ता गेटवे म्हणून भरायचा. ही दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात.

आता इंटरनेट. त्यासाठी डिफॉल्ट रूट लागतो, म्हणजे 'माहीत नसलेला कुठलाही पत्ता आला तर इकडे पाठव'. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर 'आयपी राउट', मग दोनदा ०.०.०.०, मग राउटरचा पत्ता. इथे एक गोम आहे. राउटिंग बंद असताना चालणारी 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' ही जुनी सेटिंग राउटिंग सुरू होताच निकामी होते. टेक्निशियन हैदराबादला बसून दुरून काम करत असेल आणि त्याने डिफॉल्ट रूट आधी टाकून ठेवला नसेल, तर त्याचंच कनेक्शन तुटतं. मग तिथून माणूस येईपर्यंत सगळं ठप्प.

सगळ्यात जास्त डोकेदुखी परतीच्या वाटेची. मंचेरियलहून बल्हारशाहला गेलात, पण परतीची गाडीच नाही, तर काय उपयोग? तसंच इथे. लॅबमधून निघालेलं पॅकेट राउटरपर्यंत पोचतं, पण १९२.१६८.१०.० हे नेटवर्क कुठल्या बाजूला आहे हे राउटरला ठाऊक नसेल तर उत्तर परत येत नाही. म्हणून राउटरमध्येही दोन्ही नेटवर्कची नोंद हवी आणि तिथे स्विचचा राउटरकडच्या बाजूचा पत्ता द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. स्विचमध्ये तासन् तास शोधत बसतात आणि चूक राउटरमध्ये निघते.

झालेलं काम बघायची कमांड 'शो आयपी राउट'. ओळीच्या सुरुवातीला 'सी' असेल तर ते नेटवर्क थेट जोडलेलं, 'एस' असेल तर ती वाट हाताने भरलेली, आणि 'एस'पुढे चांदणी असेल तर तो डिफॉल्ट रूट. १० नंबरची ओळच दिसत नसेल तर घाबरू नका. त्या व्हीलॅनमधला एकही संगणक चालू नसला तरी ओळ गायब होते. एक संगणक लावून पुन्हा बघा. राउटिंगच बंद असेल तर टेबलऐवजी फक्त डिफॉल्ट गेटवेचा उल्लेख येतो.

शेवटचं, पण आपल्याकडे करंट जातो म्हणून फार महत्त्वाचं. हे सगळं आधी कच्च्या वहीत असतं. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' दिल्यावरच ते पक्क्या वहीत चढतं. नाहीतर लाइट गेली की केलेलं काम पुसलं जातं आणि नेमकं फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी केंद्र बंद पडतं. टेक्निशियनला तुमच्यासमोर स्विच एकदा बंद-चालू करायला लावा, टेबल पुन्हा दाखवायला सांगा, आणि पैसे त्यानंतर द्या.