दंडावरचा व्रण आणि दप्तरातील पुरावा

शस्त्र हाती लागले की खुनाचा निम्मा उलगडा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु शस्त्रच डोळ्यांना न दिसणारे असेल, तर मुळात खून झाला हे तरी कसे कळावे? नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वीच्या पाकूर खटल्याने हाच प्रश्न उभा केला होता.

२६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्थानकाच्या गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातील अमरेंद्र पांडे या तरुणाच्या दंडाला काहीतरी टोचले. टोचणारा गर्दीत नाहीसा झाला. तरुण तापाने फणफणला आणि ४ डिसेंबरला मरण पावला. त्याच्या हयातीतच रक्ताचा नमुना मात्र तपासणीस गेला होता. देहाचे दहन झाल्यावर निष्कर्ष आला: रक्तात प्लेगचे जंतू होते.

माग मुंबईपर्यंत पोहोचला. इस्टेटीच्या वादातून सावत्र भाऊ विनयेंद्र याने डॉ. तारानाथ भट्टाचार्य याच्या साह्याने हा कट रचला होता. हाफकिन संस्थेने वरिष्ठांच्या संमतीवाचून जंतू देण्याचे नाकारले. तेव्हा संशोधनाच्या सबबीखाली आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, जुलै १९३३ मध्ये शिरकाव करून घेण्यात आला. १९३५ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली; १९३६ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली.

ज्या परवानगीपत्रांची आणि नोंदींची आपण ‘लाल फीत’ म्हणून हेटाळणी करतो, त्यांनीच येथे सुईची उणीव भरून काढली. मात्र एका दाराशी अडलेला माणूस दुसऱ्या दाराने आत शिरला, हेही विसरता येत नाही. नियम एका संस्थेने पाळून भागत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट आवश्यक ठरविली असून, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी दिला आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तज्ज्ञाला पाचारण होते ते गुन्हा ओळखला गेल्यावर. पाकूर प्रकरणात गुन्हा ओळखला गेला तो रुग्णशय्येपाशी. तेथे शंका घेणारा डॉक्टर आणि नमुना जपणारी प्रयोगशाळा नसेल, तर उत्तम कायद्यालाही चितेची राखच तेवढी तपासावी लागेल.