एकट्या मातेस अभयदान

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने आपल्या धर्मात सांगितली आहेत. पैकी पहिली तीन आपण व्यापारी मंडळी यथाशक्ती करीत आलो. चौथ्याची गरज कोणास आहे हे पाहावयाचे, तर पेडणे तालुक्यातील तेरेखोलसारख्या गावाचा विचार करावा.

हे गाव गोव्याचे, पण नदीपलीकडचे. केरीस यावयाचे तर फेरीबोट, नाही तर आरोंद्यावरून महाराष्ट्रातून वळसा. अशा ठिकाणी पती निवर्तलेली अगर पतीने टाकलेली स्त्री दिव्यांग मूल वाढवीत असेल, तर तिने मुलास शाळेत न्यावे की मजुरीस जावे? डिचोली तालुक्यात सर्वण येथे केशव सेवा साधनेची विशेष शाळा आहे. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही दिला आहे. परंतु हक्क असणे निराळे आणि नदी ओलांडून रोज पोचणे निराळे.

याहून मोठी चिंता पुढेच आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आईचे कायदेशीर पालकत्व संपते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. त्याअन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षणही मिळते. मात्र हे कागद करण्यास वेळ व सोबत लागते, आणि एकट्या मातेजवळ नेमकी हीच दोन नसतात.

व्यापारी बंधूंनो, सणावारी दिलेल्या शिध्याने तिचा आठवडा निभावतो, “माझ्यामागे याचे कोण?” ही तिची भीती तशीच राहते. धान्य निवडण्यासारखे काम योग्य मजुरीने तिच्या घरी पोचवावे. अर्जाच्या दिवशी आपल्यापैकी कोणी बरोबर जावे. तिची इच्छा असल्यास तिच्यामागे पालक होण्याची तयारीही दाखवावी. नेमलेल्या पालकाला मुलाच्या मालमत्तेची यादी व वार्षिक हिशेब समितीस द्यावा लागतो. चोख हिशेब ठेवण्यात तर आपली हयात गेली आहे! ती विद्या एका निराधार लेकराच्या कामी आली, तर तेच खरे अभयदान होय.