मिग म्हणजे नेमके कोणते?

पन्हाळ्याच्या तीन दरवाजात मान वर केली की इब्राहिम आदिलशाहाच्या काळचा फारसी शिलालेख दिसतो. गाइड काहीही सांगो, दरवाजा कोणाच्या अमदानीत बांधला गेला यावर शेवटचा शब्द त्या दगडाचा. पण १६६० च्या वेढ्याबद्दल त्या दगडाला विचारून काय उपयोग? त्यासाठी राजापूरच्या इंग्रज वखारीची पत्रे, परमानंदाचे ‘शिवभारत’, जेधे शकावली, बखरी असे दप्तर उघडावे लागते आणि त्यातही निवड करावी लागते. त्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या मदतीला आला, हे इंग्रजी पत्रांवरून पक्के ठरते. पावसाळी रात्री गडावर काय खलबत झाले ते त्या पत्रांना कसे ठाऊक असणार? कोणते साधन कशापुरते धरायचे, हा धडा इतिहासकार राजवाड्यांच्या काळापासून मराठी वाचकाला मिळत आला आहे. ११ जुलै २०२५ रोजी पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मिग-२१ ने चंडीगडला हवाई दलाचा निरोप घेतला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण ते विमानही आता इतिहासात जमा झाले आहे, तेव्हा त्याच्याबद्दलच्या मजकुरालाही हीच चाळणी लावायला हवी.

ही चाळणी महाराष्ट्राने तरी लावावी, कारण भारतात बनलेली मिग-२१ नाशिकजवळच्या ओझरची. १९६२ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, पुढच्या वर्षी पहिली विमाने चंडीगडच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आली आणि १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ओझरचा कारखाना उभा राहू लागला. इंजिने कोरापुटची, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादची, सांगाडा आणि जुळणी इथली. साडेसहाशेहून अधिक विमाने ओझरहून बाहेर पडली, पण ती एकाच विमानाच्या प्रती नव्हत्या. आधी एफएल, मग एम, मग बिस. नावांचा घोळ इथेच सुरू होतो. हवाई दलात एफएलला टाइप ७७ म्हणत, एमला टाइप ९६ आणि बिसला टाइप ७५. आकडा वाढला म्हणजे विमान नवे, असे धरून चालणारा इथे हमखास फसतो, कारण ७५ हे ७७ पेक्षा नंतरचे विमान. हे सोव्हिएत कारखान्यांचे उत्पादन-क्रमांक. त्यांचा वयाशी संबंध नाही. नाटोने याच विमानांना ‘फिशबेड’ म्हणून पुढे सी, जे, एल, एन अशी अक्षरे लावली, तीही मुख्यतः फोटोंत दिसणाऱ्या फरकांवरून. म्हणजे एका विमानाला मॉस्कोचे एक नाव, ब्रुसेल्सचे दुसरे आणि धावपट्टीवरच्या मेकॅनिकचे तिसरे. यातले कोणतेच खोटे नाही. एका यादीतले नाव दुसऱ्या यादीत बिनदिक्कत चिकटवले, की चूक होते. एम आणि एमएफ ही बाहेरून जवळजवळ सारखी दिसणारी विमाने बऱ्याच तक्त्यांत एकाच ओळीत बसवलेली दिसतात. प्रत्यक्षात एमचे इंजिन आर-११ कुळातले, तर एमएफचे आर-१३. दिसण्यावरून केलेल्या यादीला इंजिनाबद्दल विचारायला गेलो तर दोष यादीचा म्हणता येत नाही.

मग दगडावरच्या लेखासारखे पक्के काय? सगळ्यात आधी विमानाचे अंग. नाकाच्या टोकाकडून पुढे आलेली, हवेचा दाब मोजणारी लांब नळी पाहावी. सुरुवातीच्या एफ-१३ ला ती नाकाच्या खालून निघते, एफएलला वर मधोमध, तर एमला वर पण उजवीकडे सरकलेली. वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेचे झाकण एफएलपर्यंत समोरच्या काचेसकट पुढच्या बाजूला उघडते. एम आणि बिसमध्ये समोरची काच जागेवर राहते आणि झाकण उजवीकडे कलंडते. एफएलच्या पोटात तोफ नाही, हवी तर ती वेगळ्या पेटीत घालून खाली टांगावी लागे. बिसची पाठ जुन्या विमानांपेक्षा चांगलीच फुगलेली. एफएल तर मिश्र वाणाचे: झाकण आधीच्या मिग-२१ पीएफचे, मागचे रुंद शेपूट नंतरच्या विमानाचे. म्हणून केवळ शेपूट पाहून निकाल देणारा चुकतो आणि केवळ झाकण पाहणाराही. अंगाखालोखाल क्रमांक. ज्या बिस विमानांचे पुढे रडार आणि क्षेपणास्त्रे बदलून ‘बायसन’ झाले, त्यांच्या क्रमांकाआधीच्या सी अक्षराला यू जोडला गेला. मात्र विमान चौकात किंवा संग्रहालयात उभे करताना त्याला नवा रंग देतात, तेव्हा रंगवलेल्या क्रमांकापेक्षा झाकणाच्या बिजागरीवर विश्वास ठेवलेला बरा. बिजागरी कोणी हौसेने बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की एवढी खटपट कशाला, सरकारी आकडे असताना? सरकारी कागद मोलाचाच, पण त्याला जो प्रश्न विचारला तेवढ्यापुरता. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले की १९७१-७२ पासून त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत मिग विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक दगावले. उत्तरातला शब्द होता मिग. या चाळीस वर्षांत हवाई दलाकडे मिग-२१ खेरीज २३, २५, २७ आणि २९ ही विमानेही होती. तरीही पुढे हा आकडा सर्रास मिग-२१ च्या नावावर खपत राहिला. मंत्र्यांचे उत्तर चुकले नव्हते, उत्तराचा मथळा करणारा चुकला. तेच ‘साठ वर्षांचे जुने विमान’ या शब्दप्रयोगाचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी विमानांशी झालेल्या चकमकीत विंग कमांडर अभिनंदन वर्धमान ज्यातून झेपावले ते बायसन होते, म्हणजे मूळचे बिस. आराखड्याचे कूळ जुने, पण ते यंत्र १९६३ चे नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. माणसे गेली, तिथे अक्षरांचा काथ्याकूट शोभतो का? शोभतो, कारण अपघातांचे मूळ शोधायचे तर तोच रस्ता आहे. मिग-२१ ला चिकटलेल्या ‘उडती शवपेटी’ या शब्दाने सगळी विमाने एका पारड्यात जातात आणि मग दोष यंत्राचा, पक्ष्याचा, सुट्या भागांचा की प्रशिक्षणाचा, हे विचारायची सोयच उरत नाही. २००८ मध्ये हॉक प्रशिक्षण विमाने दाखल होईपर्यंत तरुण वैमानिक तुलनेने संथ विमानांवरून थेट मिग-२१ वर चढत. तेजपूरला त्यांना शिकवले जाई ते जुन्या मिग-२१ वरच. शिकाऊ हातांतल्या एफएलचे अपघात आणि सरावलेल्या स्क्वाड्रनमधल्या बिसचे अपघात एका बेरजेत टाकले, तर ती बेरीज नेमकी कोणाविरुद्ध साक्ष देते? तिसरे म्हणणे असे की खरे कागद गोपनीय, तेव्हा सामान्य वाचकाने करायचे काय. अडचण खरी आहे. १९७१ च्या युद्धाचा सरकारी इतिहासही बरीच वर्षे दप्तरबंदच होता. पण गोपनीयता आड येते ती मुख्यतः का आणि किती या प्रश्नांना. कोणते, याचे उत्तर तारीख असलेला फोटो पुष्कळदा देतो. वैमानिकाच्या आठवणी विमान हातात कसे वाटे हे अचूक सांगतात, पण वर्षे आणि संख्या यांत गल्लत करतात. येफिम गॉर्डन यांच्यासारख्या अभ्यासकांची पुस्तके सोव्हिएत कारखान्यांची बाजू उत्तम मांडतात. पण एखादे विमान भारतात आल्यावर कोणत्या स्क्वाड्रनकडे गेले, हे इथल्या नोंदींशी ताडल्याशिवाय मानू नये.

सराव करायला फार लांब जायला नको. पन्हाळ्याजवळच्या कोल्हापूरकराला पुण्याच्या घोरपडी भागातले दक्षिण मुख्यालयाचे युद्धस्मारक जवळ आहे. तिथे एक मिग उभे आहे. येणारेजाणारे त्याला नुसते मिग म्हणून फोटो काढतात, जाणते त्याला कधी मिग-२७ म्हणून मोकळे होतात, कारण ओझरला बनलेले मिग-२७ त्याचेच भावंड आणि दुरून तसेच दिसते. पण वाकून पोटाखाली पाहावे. मिग-२७ ला सहा नळ्यांची तोफ असते. दोन नळ्या दिसल्या, की ते मिग-२३ बीएन.